आधी पाणी, मग शिकेकाई: सोलापूरच्या हवेत केस, डोकं आणि त्वचेसाठी वनस्पती कशा वापराव्यात

प्रश्न थोडक्यात असा: शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत राहायला आल्यापासून केस राठ झालेत, डोक्यात कोंडा आहे, विंचरताना गुंतवळ जास्त निघते. चेहऱ्यावर आणि हातांवर उन्हाने काळपट पट्टे आलेत. शाम्पू-क्रीम सोडून शिकेकाई, माका, जास्वंद, कोरफड, उटणं यांवर यायचं आहे. पण महिनाभर शिकेकाई लावून पाहिली तर केस आणखीच काथ्यासारखे झाले. चुकतंय कुठे?

सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करू, कारण बाकीची अर्धी उत्तरं त्यातच आहेत. नव्या वसाहतीत बहुतेक ठिकाणी वापरायचं पाणी बोअरचं असतं, आणि आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून वर येणारं हे पाणी जड असतं. ओळखायला प्रयोगशाळा नको. बादलीच्या काठाला पांढरी कड धरते, गिझरच्या कॉइलवर चुन्यासारखा थर बसतो, तुरीची डाळ लवकर शिजत नाही. या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबण जुळला की चिकट पांढरट साका तयार होतो आणि तो केसावर बसतो. म्हणून अंगाच्या साबणाने केस धुणं इथे सगळ्यात वाईट. शिकेकाई आणि रिठा यांची गंमत अशी की त्यांचा फेस ज्या द्रव्यामुळे होतो ते सॅपोनिन साबणासारखा साका करत नाही. म्हणजे जड पाण्याच्या गावाला शिकेकाई खरं तर जास्त सोयीची.

मग केस राठ का झाले? तीन कारणं बहुधा एकत्र आली. एक, शाम्पू-कंडिशनरमधल्या सिलिकोनचा गुळगुळीत थर दोन-तीन धुण्यांत उतरतो आणि केसाचा मूळ पोत हाताला लागतो. हा बिघाड शिकेकाईने केलेला नसतो, तिने फक्त तो उघडा पाडलेला असतो. दोन, पूड पाण्यात कालवून तसाच लेप डोक्याला चोळला जातो. पूड कितीही बारीक असो, तिचे कण ओल्या केसाच्या खवल्यांवर घासतात, आणि ओला केस कोरड्यापेक्षा नाजूक असतो. तीन, तेल निघत नाही म्हणून रिठा वाढवला जातो. रिठा जोरकस आहे. तो तेलाबरोबर केसाची स्वतःची स्निग्धताही काढतो. शेवटी सगळ्यावर बोअरचं पाणी ओतलं की क्षार पुन्हा केसावरच वाळतात.

उपाय साधा आहे. पूड नको, गाळलेला काढा वापरा, आणि शेवटचं एक लिटर पाणी वेगळं ठेवा. उजनीचं नळाचं पाणी रोज येत नसलं तरी पिंपात साठवलेलं असतंच. त्यातलं एक तांब्या-दीड तांब्या केसांसाठी राखून ठेवायला हरकत नाही. त्यात एक छोटा चमचा लिंबाचा रस किंवा अर्धी वाटी आवळकाठीचं पाणी घालून शेवटी ओता. आम्लामुळे बसलेले क्षार सुटतात आणि खवले मिटतात. लिंबू घातलं असेल तर चेहरा-मान साध्या पाण्याने धुऊनच उन्हात जा. कारण पुढे येतं. एक सावधगिरी: पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ यंत्राचं टाकाऊ पाणी न्हाण्याला घेतलं जातं. ते बोअरच्या पाण्याहूनही जड असतं, कारण गाळून काढलेले क्षार त्यातच असतात. फरशी पुसायला ठीक, केसांना नाही.

शिकेकाईचा काढा

तयार पूड घेऊ नका, अख्ख्या शेंगा घ्या. दळल्यावर आत काय आहे ते कुणालाच कळत नाही. कमरेपर्यंतच्या केसांना साधारण तीस वेळा न्हायला पुरेल असं मिश्रण: शिकेकाई ५०० ग्रॅम, रिठ्याची टरफलं ७५ ग्रॅम, आवळकाठी १०० ग्रॅम, मेथी ५० ग्रॅम, नागरमोथा २५ ग्रॅम, वाळा २५ ग्रॅम. रिठ्याची काळी बी फोडून काढलीच पाहिजे. ती दगडासारखी असते, गिरणीचं पातं खराब करते आणि तिचा केसांना उपयोग नाही. केस फारच कोरडे असतील तर रिठा ४० ग्रॅमवर आणा. सगळं एप्रिलच्या उन्हात दोन दिवस वाळवा. शेंग वाकवल्यावर टक् आवाज करून मोडली की दळायला तयार. ओलसर राहिली तर पुडीला गाठी धरतात आणि पावसाळ्यात बुरशी येते. शिकेकाई दळणारी गिरणी वेगळी असते, पिठाच्या गिरणीत कुणी घेत नाही, आणि त्यांचं बरोबरच आहे: ही धूळ नाकात गेली की शिंका थांबत नाहीत आणि नंतरचं पीठ कडू होतं. घरी मिक्सरवर करणार असाल तर नाकातोंडाला फडकं बांधा आणि झाकण लगेच उघडू नका.

कमरेपर्यंतच्या केसांना एका वेळी २५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन मोठे चमचे पूड आणि ६०० मिली पाणी लागतं. खांद्यापर्यंतच्या केसांना याच्या निम्मं. रात्री स्टीलच्या पातेल्यात भिजवा. लोखंडी भांड्यात आवळ्याचं तुरट द्रव्य लोखंडाशी मिळून काढा शाईसारखा काळा होतो. त्याने बिघडत काही नाही, पण टॉवेल खराब होतात. सकाळी मंद आचेवर दहा मिनिटं उकळा, निवू द्या आणि मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळा. चहाची गाळणी पुरत नाही.

केस आधी पुरते भिजवा. अर्धा काढा थोडाथोडा करून फक्त डोक्याच्या कातडीवर ओता आणि बोटांच्या पेरांनी दोन मिनिटं फिरवा, नखांनी नाही. धुऊन टाका. उरलेला अर्धा पुन्हा तसाच, या वेळी लांबीवरून नुसता ओघळू द्या, चोळू नका. फेस फार येणार नाही. फेस आणि स्वच्छता यांचा संबंध जाहिरातींनी जोडलेला आहे. डोळ्यांत गेला तर चांगलाच चुरचुरतो, म्हणून मान मागे टाकून धुवा आणि गेलाच तर साध्या पाण्याने भरपूर धुवा. उरलेला काढा उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबतो. फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतो. आठवड्यातून दोनदा पुरे. पहिले तीन-चार आठवडे केस नीट वाटत नाहीत, तेवढा धीर धरा. त्यानंतरही राठच असतील तर रिठा पूर्ण बंद करून पाहा.

कोंडा आणि तेल

बहुतेक घरांत इथेच गाडी घसरते. कोंडा दिसला की डोकं कोरडं पडलं असं धरून रात्रभर तेल थापलं जातं. कोंडा दोन जातींचा असतो. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, थंडीत, बारीक कोरडी पांढरी पूड झडते आणि खाज फारशी नसते. तो कोरड्या कातडीचा. थोडं तेल लावलं की बसतो. दुसरा पिवळसर, चिकट, मोठ्या पापुद्र्यांचा. त्याला खाज असते आणि कानामागे, भुवयांत, नाकाच्या कडेलाही तो दिसतो. हा मॅलासेझिया नावाच्या सूक्ष्म बुरशीशी निगडित असतो, आणि ही बुरशी कातडीवरच्या तेलावरच जगते. खोबरेल काय, तीळतेल काय, तिला सगळं चालतं. रात्रभर तेल म्हणजे तिला जेवण वाढून ठेवणं. तेल लावल्याच्या दुसऱ्या दिवशी खाज वाढत असेल तर तुमचा कोंडा दुसऱ्या जातीचा समजा.

त्यासाठी कडुनिंबाचा काढा: दोन मुठी, सुमारे ५० ग्रॅम, ताजा पाला एक लिटर पाण्यात झाकण ठेवून दहा मिनिटं उकळा, निववून गाळा. शिकेकाईने डोकं धुतल्यावर हा काढा कातडीवर ओता, दहा मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्याने काढा. आठवड्यातून दोनदा, चार आठवडे. पाडव्याच्या आसपासचा कोवळा पाला कमी कडू असतो. मे-जूनचा जून पाला जास्त कडक, तेव्हा प्रमाण थोडं कमी करा. लिंबाची फोड थेट डोक्यावर चोळायची पद्धत सोडा. लिंबाचा रस इतका आंबट असतो की खाजवून सोललेल्या कातडीला तो भाजतो. चार आठवड्यांत फरक नसेल तर वनस्पतींचा हट्ट धरू नका. औषधाच्या दुकानातला २ टक्क्यांचा किटोकोनाझोल शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं डोक्यावर ठेवून, महिनाभर वापरा आणि नंतर शिकेकाईवर परत या. दोन्हींचं एकमेकांशी वैर नाही.

तेलाचं खरं काम कातडीपेक्षा केसाच्या दांडीवर आहे. खोबरेलातलं लॉरिक आम्ल आकाराने लहान आणि सरळ साखळीचं असल्याने दांडीत शिरतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना झाली होती; धुताना केसातलं प्रथिन निघून जाणं फक्त खोबरेलाने ठळकपणे कमी केलं. त्यामुळे राठपणासाठी खोबरेल योग्य, पण लांबीला, धुण्याआधी तास-दोन तास, आणि एका वेळी एक ते दोन छोटे चमचेच. जास्त लावलं की निघत नाही, निघत नाही म्हणून रिठा वाढतो, आणि चक्र पुन्हा सुरू होतं. यंत्रमागावर काम असेल तर तेल लावून जाऊ नका. सुताचं तूस तेलकट केसांत असं बसतं की विंचरताना केसच तुटतात. रुमाल बांधून जा, तेल सुट्टीच्या दिवशी.

माक्याचं तेल घरी काढायचं असेल तर

आधी माका ओळखा. ओढ्याकाठी, कॅनॉलच्या कडेला, उसाच्या ओल्या बांधावर वाढणारी, बारीक पांढऱ्या फुलांची, समोरासमोर खरखरीत पानांची ही वनस्पती. देठ किंवा पान चुरगाळून दोन-तीन मिनिटं थांबा. रस हिरव्याचा काळा होतो. ही सगळ्यात खात्रीची खूण. पिवळ्या फुलांची बागेतली वेल म्हणजे हा माका नव्हे. लांब दांड्यावर एकच फूल असणारी एकदांडीही नव्हे. ती पडीक कोरड्या रानात सगळीकडे दिसते आणि माका म्हणून खपवली जाते. सांडपाण्याच्या नाल्याकाठचा माका खरा असला तरी नको.

आयुर्वेदातलं तेल सिद्ध करण्याचं जुनं प्रमाण १:४:१६ आहे: कल्क एक भाग, तेल चार, द्रव सोळा. घरच्या मापात २५० मिली तेल, ६० ग्रॅम कल्क, एक लिटर द्रव. द्रवासाठी अर्धा लिटर माक्याचा रस घ्या. पानं-देठ धुऊन, पाणी शिंपडून वाटून पिळा. उरलेल्या अर्ध्या लिटरसाठी १२५ ग्रॅम आवळकाठी रात्रभर दोन लिटर पाण्यात भिजवून, उकळून, अर्धा लिटर उरवा. कल्क म्हणजे ताज्या माक्याची वाटलेली चटणी. तेल तीळाचं किंवा खोबरेल, घाण्याचं. करडईचं तेल यासाठी घेऊ नका. सोलापूर करडईचं गाव, करडईचं संशोधन केंद्रही इथलंच, पण या तेलात लिनोलिक आम्ल फार. तासन्तास आचेवर ठेवलं की ते लवकर खवट होतं. करडई पुढे त्वचेला वापरू.

भांडं जाड बुडाचं आणि मोठं घ्या. सगळं मिळून ते तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भरता कामा नये, कारण शेवटी तेल फेसाळून वर येतं आणि गॅसवर सांडलं तर भडका होतो. मंद आच, अडीच-तीन तास, आणि अधूनमधून बुडापासून ढवळणं. एका दिवसात संपवायची घाई नको. अर्धं आटवून झाकून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पुरं केलं तरी चालतं, जुनी पद्धत तीच आहे.

पाणी असेपर्यंत मोठे बुडबुडे आणि तडतड आवाज येतो. हळूहळू आवाज बारीक होतो, कल्क चिखलासारखा असतो तो गोळा धरू लागतो. आता जागचं हलू नका. चमच्यावर थोडा कल्क काढून निववा आणि दोन बोटांत वळा. बोटांना न चिकटता वात वळली, ती वात ज्योतीला लावल्यावर चरचर आवाज आला नाही, आणि तेलावर बारीक फेस दाटला, की झालं. लगेच आच बंद करा आणि कोमट असतानाच गाळा. तापल्या भांड्यात राहिलं तर पुढे शिजत जातं. लवकर उतरवलं तर तळाशी गढूळ थर बसतो, पाण्याचा अंश राहतो आणि दोन-तीन आठवड्यांत आंबट वास किंवा बुरशी येते. उशीर झाला तर कल्क काळा, कुरकुरीत होतो आणि तेलाला जळका वास लागतो. असलं तेल डोक्याला लावण्यात अर्थ नाही. भरायची बाटली काचेची आणि हाडासारखी कोरडी हवी. धुतलेल्या बाटलीत राहिलेले चार थेंबही तेल घालवतात. अंधाऱ्या जागी सहा-आठ महिने टिकतं.

लोखंडी कढईतलं तेल जास्त काळं होतं, पण काळा रंग म्हणजे गुण नव्हे. या तेलाने टक्कल भरत नाही. मालिश, घर्षण कमी होणं, केस कमी तुटणं, एवढा त्याचा खात्रीचा फायदा. दिवसाला ५० ते १०० केस गळणं निसर्गाचा हिशेब आहे, आणि केस वाढतो महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर. आठ दिवसांत फरक दाखवणारं तेल कुणी विकत असेल तर चार हात लांब राहा.

बुळबुळीत वनस्पती

कंडिशनरचं काम चिकट-बुळबुळीत द्रव्याच्या वनस्पती करतात. जास्वंदीची १०-१२ पानं आणि चार-पाच फुलं पाव लिटर पाण्यात हाताने कुस्करून, गाळून, धुतलेल्या केसांच्या लांबीला पाच मिनिटं लावायची. मिक्सरमध्ये फिरवली तर पानांचा चुरा केसांत अडकतो. मेथीचा लेप थोर मानला जातो, पण तो काढताना जेवढे केस तुटतात तेवढा त्याचा फायदा नसतो. दोन चमचे मेथी रात्रभर भिजवून वरचं पाणीच वापरा. या सगळ्यांत सोपं आणि दुर्लक्षित म्हणजे चटणीचं जवस. दोन मोठे चमचे जवस अर्धा लिटर पाण्यात सात-आठ मिनिटं उकळा. अंड्याच्या पांढऱ्यासारखा दाटपणा आला की गरम असतानाच गाळा. निवल्यावर ते फडक्यातून उतरतच नाही. ओल्या केसांना चमचाभर लावून तसंच ठेवायचं, धुवायचं नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. कुरळ्या केसांना याच्याइतकं स्वस्त काही नाही.

मेंदीबद्दल थोडक्यात. मेंदीतला लॉसोन केसाच्या प्रथिनाला धरतो, त्यामुळे रंग पक्का आणि तांबूस. नुसत्या मेंदीने केस कधीच काळे होत नाहीत. भिजवल्यावर रंग सुटायला इथल्या उन्हाळ्यात दोन-तीन तास पुरतात, थंडीत आठ-दहा. पृष्ठभागावर नारिंगी पाणी दिसलं की तयार. दर महिन्याला पूर्ण लांबीला लावाल तर थरावर थर बसून केस ताठ होतात; पहिल्यांदा पूर्ण, नंतर फक्त मुळाशी. काळा रंग हवा तर मेंदी धुतल्यावर नीळ वनस्पतीची पूड लावा (कपड्यांची नीळ नव्हे). ती कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवायची, १०-१५ मिनिटांत वापरायची आणि लिंबू अजिबात घालायचं नाही. तासाभराने धुतल्यावर केस हिरवट दिसले तर घाबरू नका, हवा लागून दिवसभरात काळे होतात. बाजारातली ‘काळी मेंदी’ एका टप्प्यात काळा रंग देते ती बहुतेक वेळा पीपीडी या रसायनाने, आणि त्याची अ‍ॅलर्जी चेहरा सुजवते, फोड आणते. पुडी घेताना घटक वाचा आणि ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा. तान्ह्या बाळाला मेंदी लावू नका. जी-सिक्स-पीडी हे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असेल तर रक्तातल्या लाल पेशी फुटण्याचा धोका असतो, आणि ही कमतरता बाहेरून दिसत नाही.

त्वचा आणि इथलं ऊन

मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना काळपट पट्ट्यांवर लिंबू चोळून बाहेर पडणं ही या यादीतली सगळ्यात महागाची चूक. लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं असतात जी उन्हात त्वचा भाजून काढतात. आधी लाली, कधी फोड, मग महिनोन्‌महिने न जाणारे तपकिरी डाग. बावचीचंही तसंच, किंबहुना जास्त. डाग घालवायला लावलं आणि डाग वाढले, असं झालं की दोष उन्हाला दिला जातो.

उन्हाचा काळेपणा कुठलीही वनस्पती धुऊन काढत नाही. वरची त्वचा साधारण चार आठवड्यांत बदलते; तेवढा काळ नवं ऊन लागू दिलं नाही, ओढणी, बाह्या, सनस्क्रीन सांभाळलं, तर पट्टे आपोआप फिके पडतात. गालांवर दोन्हीकडे सारखे, कडा असलेले तपकिरी डाग असतील तर ते वांग असू शकतात. त्याला उटणं नाही, त्वचारोगतज्ज्ञ लागतो.

भाजल्यासारखी आग होत असेल तर कोरफड, पण नीट काढलेली. पान बुडाशी कापून वाटीत १०-१५ मिनिटं उभं ठेवा. पिवळा कडू चीक निथळू द्या. खाज उठते ती या चिकाने, आणि दोष कोरफडीला मिळतो. मग साल काढून गर धुऊन घ्या. ताजा गर फ्रीजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढे नाही.

उटणं दिवाळीपुरतं ठेवायची गरज नाही, पण रोजही नको, आठवड्यातून एक-दोनदा. मसूर डाळीचं पीठ १०० ग्रॅम, मुलतानी माती ५०, वाळलेल्या गुलाबपाकळ्या २०, नागरमोथा, वाळा आणि आंबेहळद प्रत्येकी १०. सगळं वस्त्रगाळ हवं. कण बोटांना जाणवले तर ते चेहऱ्याला ओरखडे काढणारच. आंबेहळद कमी पिवळी करते. स्वयंपाकाची हळद घ्यायची तर हळकुंडं आणून दळा, सुट्या पुडीत रंग मिसळलेला असू शकतो, कधी शिशाचाही. क्रम असा: आधी तेलाचा हात, मग उटणं. कोरड्या त्वचेला दुधात, तेलकटला ताकात. तीन-चार मिनिटांनी, ओलसर असतानाच काढा. मुलतानी माती वाळून तडे जाईपर्यंत ठेवली की ती त्वचेतला ओलावाही शोषते. इथल्या कोरड्या हवेत हे पाच मिनिटांत होतं. चंदन पुडीत घेऊ नका, भुसाच जास्त असतो. खोड आणि सहाण असेल तरच वापरा.

थंडीत पोटऱ्या पांढऱ्या पडतात तेव्हा करडईचं घाण्याचं तेल आंघोळीनंतर ओलसर अंगावर चमचाभर. हे तेल हलकं असतं, चिकटत नाही. बाटली मात्र छोटी आणा. टाचांच्या भेगांना कोकणातलं कोकमतेल: पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून, पुसून, वितळवलेलं तेल भेगेत भरा आणि मोजे घाला. घामोळ्यांना तेल, क्रीम, लेप काहीच नको. छिद्रं बुजल्यानेच ती होतात. वाळा रात्रभर भिजवलेल्या पाण्याने अंग धुवा आणि सैल सुती घाला. पायांना घाम येत असेल तर डाळिंबाची साल फेकू नका, सालीचा गाळलेला काढा तुरट असतो, दहा मिनिटं पाय बुडवा. पांढरा टॉवेल मात्र लांब ठेवा, डाग निघत नाही.

हात लावू नये असं

उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड. बार्शीकडे सीताफळ भरपूर, म्हणून हा उपाय घरोघर सांगितला जातो. उवा मरतात हे खरं, पण पुडीचा कण किंवा ओघळ डोळ्यात गेला तर बुबुळाला जखम होते. त्यापेक्षा तेल किंवा जवसाचं जेल लावून बारीक फणीने दर तीन दिवसांनी, दोन आठवडे विंचरा. लिखा फुटायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून एकदाच विंचरून भागत नाही. बिब्ब्याचं तेल त्वचा जाळतं. चाईवर, म्हणजे गोल टक्कल पडलेल्या जागी, गुंजेचा लेप लावतात. गुंज विषारी आहे. लहान मुलाच्या डोक्यात गोल चट्टा पडून केस तुटले असतील तर ते बहुधा गजकर्ण, त्याला पोटातून गोळ्या लागतात, कुठलाही पाला नाही. तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस गेले तर तेल बदलत बसण्याआधी रक्ताची आणि थायरॉइडची तपासणी करून घ्या.

खरेदीचा हिशेब: शिकेकाई, रिठा, आवळकाठी पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानातून मार्च-एप्रिलमध्ये घ्या. शेंग तांबूस तपकिरी, पोखरलेली नसलेली हवी, आणि नाकाशी नेल्यावर जुनाट वास नको. मेंदीची पूड फार पोपटी दिसली तर चिमूटभर थंड पाण्यात टाका. क्षणात हिरवा रंग सुटला तर परत करा. दळलेली शिकेकाई काचेच्या बरणीत, वर झाकणाखाली कागद घालून ठेवा, आणि न्हाणीघरात ठेवू नका.